अकरा मेंढ्या आणि एक सुबाभूळ

“म्हंजी लोकर गेली त्यात मेंढ्यांची चूक न्हाई?” बंकटआप्पांनी गंभीरपणे विचारलं.

“न्हाई, आप्पा. सुबाभळीची हाय.”

सुकन्या विद्यापीठातून सुबाभळीवर पीएचडी करून धारूरला वडिलांकडे आली होती. उद्या नोकरीसाठी हैदराबाद. तिने दोऱ्यात मणी ओवून दाखवले. “ही पेप्टाइडाची, म्हंजी प्रथिनाच्या तुकड्याची माळ. मणी म्हणजे अमिनो आम्लं. यातला नेहमीचा एक काढायचा आन् सुबाभळीतला हा इचित्र मणी घालायचा. मग माळ लोखंडाला लई घट्ट धरती.”

“आन् नुसताच मणी मेंढीच्या पोटात गेला तर?”

“तिथंबी लोखंड धरतो. लोकर वाढायची थांबती, गळती.”

“लोखंड धरतो, लोकर सोडतो. शाना हाय.”

सुकन्या हसली नाही. बारा वर्षं गिळलेलं वाक्य होतं. “आप्पा, तवा सुबाभूळ म्याच घातली हुती.”

तेव्हा आप्पांचा पाय मोडला होता आणि तिची दहावी होती. डोंगरावर चारायला नेण्याऐवजी ती दारातल्या सुबाभळीचा पाला तोडून मेंढ्यांपुढे टाकायची, शेजारी बसून गणितं सोडवायची. पंधरवड्यात अकराही मेंढ्या उघड्या. गाव बघायला जमलं. आप्पा खाटेवरून म्हणाले, “म्या कातरल्या.” प्लास्टरातल्या माणसाने अकरा मेंढ्या कातरल्या, हे गावाने बिनतक्रार मानलं, फक्त वाईट कातरल्या, असं मत पडलं. त्याआधी लोकर कातरायला सिरसाळ्यापर्यंत आप्पांनाच बोलावणं असायचं. नंतर कुणी बोलावलं नाही. नाव तेवढं पडलं : सलूनवाले.

“मला ठावं हुतं,” आप्पा म्हणाले. “सुबाभूळबी नागडीच झालती की. खाटंवरून समदं दिसायचं.”

“मग कामून सांगितलं न्हाई?”

“परीक्षा तुझी हुती. मला कुठं पेपर द्यायचा हुता?”

सकाळी बसस्टँडवर कुणीतरी ओरडलं, “ओ सलूनवाले! दाढीचं काय घेता?”

सुकन्या ताडकन वळली. आज सगळं सांगूनच टाकायचं. आप्पांनी तिचा हात दाबला आणि ओरडले, “नंबर लाव बे! आदी लेकीला बशिवतो.”

बस हलली. तिने मागे पाहिलं. आप्पा हात हलवत नव्हते. दोन बोटांची कात्री करून हवेत चालवत होते. हळू, सराईत, कुणाला लागणार नाही अशी.