कचेरीचं तोंड

"पूर्णे, हे तोंड चिकटतंय बरं का. मग काढाया गेलं तरी निघत न्हाय," असं बायडाबाईने बजावलं होतं. पूर्णिमाने ते हसण्यावारी नेलं. बी.कॉम. झालेल्या बाईला तोंड उतरवता येणार नाही होय?

ते तोंड कचेरीचं. नवरा गेला तेव्हा मुक्ताई तान्ही होती. सरकारचं निराधार अनुदान सुरू झालं, आणि खडकीत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या बायडाबाईनेच पूर्णिमाला रांगेतली रीत शिकवली: मान खाली, आवाज बारीक, आणि आपल्याकडे जे नाही तेवढंच सांगायचं. पूर्णिमा ते इतकं हुबेहूब करायची की पुढच्या बाया तिला आपली जागा द्यायच्या.

मग कर्वेनगरात कॉल सेंटर निघालं. मुक्ताईला बायडाबाईच्या कडेवर देऊन, पुन्हापुन्हा मागे वळून बघत पूर्णिमा मुलाखतीला गेली. नोकरी लागली तर पोरगी बालवाडीत जाणार, नाहीतर रांगेतच बोलायला शिकणार.

"स्वतःबद्दल सांगा," मुलाखत घेणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या.

पूर्णिमाची मान आपोआप खाली गेली. "नवरा नाही. शेत नाही. घरात कमावतं कोणी नाही." वर पिशवीतून रेशनकार्ड काढून टेबलावर ठेवलं.

मॅडमनी ते उलटून पाहिलं. "साखर आम्ही देत नाही. तुम्हाला येतं काय, ते सांगा."

हे इतक्या दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं. पूर्णिमा रेशनकार्ड परत पिशवीत घालू लागली.

"बरं, मी चिडलेली ग्राहक. सारखी फोन करतेय, काम होत नाहीये. बोला."

पूर्णिमाला रांग दिसली, आणि खिडकीतून येणारं ते "उद्या या" ऐकू आलं. तिने मान वर केली. "आपल्याला फारच फेऱ्या पडल्या. आता नको. सावकाश सांगा, मी ऐकतेय."

मॅडम खरंच सांगायला लागल्या. त्यांच्या घरचा फोन दिवाळीपासून बंद होता.

नोकरी लागली. पहिला पगार झाल्यावर पूर्णिमा अनुदानातून नाव कमी करायला कचेरीत गेली, तर खिडकीशी पोचताच तोंड पुन्हा पडलं. "अहो बाई," साहेब म्हणाले, "नोकरी लागल्याचं सांगताय की गेल्याचं?"

बायडाबाईचं अनुदान अजून चालू आहे. पण आता ती रांगेत पूर्णिमाशिवाय, आणि बालवाडी सुटली की मुक्ताई तिच्या कडेवर. पोरगी म्हातारीला सारखी हसवते, आणि हसऱ्या तोंडाला खिडकीत कोण निराधार मानणार? म्हणून खडकीचा कोणी ग्राहक फोनवर आला की पूर्णिमा त्याला विनवते, तशीच तुम्हालाही: "त्या बाजूला गेलात तर रांगेत जरा डोकावाल का? आमच्या बायडामावशी हसत असतील, तर एवढंच सांगा, खिडकी जवळ आली."