साय काढलेला लेप

अंबुबाईच्या लेपाला पिंपरी गावात नाव होतं. लग्नाची पोरगी असो की बाळंतीण, तोंडावर काही उठलं की बायका वाटी घेऊन तिच्या ओट्यावर यायच्या. उगाळलेलं जायफळ, चिमूटभर हळद आणि वर म्हशीच्या दुधाची जाड साय. साय हा लेपाचा जीव, असं ती सांगायची, आणि सांगताना तिची मान जराशी ताठ व्हायची.

तिच्याच लेकीच्या पुळ्या मात्र जाता जात नव्हत्या. मंजुळा सतरा-अठराची, सातवी फायनल पास. गालांवर, कपाळावर लालभडक पुळ्या, काहींच्या टोकाला पू. एरवी अंबुबाईनं लग्न झालं की जातील म्हणून सोडून दिलं असतं. सगळ्याजणी तेच म्हणत होत्या. पण त्यांचं वरचं शेत औषधाच्या नव्या कारखान्यात गेलं होतं, आणि घरातल्या एकाला काम मिळणार होतं. मंजुळाच्या वडलांना, आबाजींना, मुलगा नव्हता. मंजुळानं स्वतःच अर्ज केला. बाटल्यांत पेनिसिलीन भरायच्या खोलीसाठी तिची निवड झाली, आणि शेवटच्या तपासणीत कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडाकडे बघून मान हलवली. त्या खोलीत हवासुद्धा गाळून सोडतात. अंगावर पू असलेलं माणूस तिथं चालत नाही.

"दिवाळी झाली की पुन्हा ये," त्या म्हणाल्या. "तोवर जागा धरून ठेवते. पुढं माझ्या हातात नाही."

मग घरात उपायांना ऊत आला. शेजारची सोजराबाई तर फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आली. उघडून बघतात तो बुरशी आलेली भाकर.

"त्या कारखान्यात बुरशीपास्नंच औषध काढत्यात न्हवं?" ती म्हणाली. "मग येवढं लांब कशाला जायाचं? थापा की गालाला."

अंबुबाईनं भाकरीचा वास घेतला आणि, खरं सांगायचं तर, क्षणभर विचारही केला.

"मावशे, आदी तू लाव," मंजुळा म्हणाली.

"माज्या तोंडाला काय झालंय?"

"लावल्यावर हुईल ते बघू."

भाकर उकिरड्यावर गेली. पण मंजुळाच्या डोक्यात काहीतरी वळवळत राहिलं. संध्याकाळी लेपाची वाटी पुढे आली तशी ती म्हणाली, "आये, तुजा लेप उजव्या गालालाच लाव. डावा नुसता पाण्यानं धुयाचा. आन् पुळी कुटलीच फोडायची न्हाई."

"आन् अर्धं तोंड घिऊन हिंडणार व्हय गावात?"

"त्याबिगर कळंल कसं, कशानं काय हुतंय ते?"

अंबुबाई हसली. जिंकणार कोणता गाल, याची तिला शंकाच नव्हती. त्या दिवशी तिनं साय जरा जास्तच थापली.

गणपती झाले, नवरात्र बसलं. डाव्या गालाची लाली उतरत चालली. उजवा होता तसाच, उलट नाकाशेजारी दोन नव्या आल्या. जेवताना आबाजी विचारायचे, "आज कुणाशी बोलायचं, उजवीशी का डावीशी?" मंजुळा गंभीरपणे म्हणायची, "अजून धड कळंना."

अंबुबाईला मात्र ते हसणं गोड लागेना. एकदा लेप लावून झाल्यावर ती हात धूत होती. जायफळ निघालं, हळद डाग ठेवून गेली, पण सायीचा ओशटपणा हलेना. बोटांवर पाण्याचे थेंबच्या थेंब उभे राहिले. शेवटी राख घेऊन हात घासले. घासता घासता ती थांबली. बोटांवरून निघत नाही, तर पोरीच्या गालावरून कसं निघत असेल?

दुसऱ्या दिवसापासून तिनं साय घातली नाही. बोलली कुणाशीच नाही. आपला गाल जिंकावा म्हणून, की होतंय काय ते बघावं म्हणून, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दिवाळीपर्यंत उजवा गालही निवळला. घरात आनंद, आणि मंजुळा हिरमुसलेली. "आता दोनी सारखेच झाले. मंग कशानं काय झालं म्हनायचं?"

तपासणीच्या दिवशी मायलेकी दोघी गेल्या. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून एकेक गाल पाहिला, अर्ध्या तोंडाची हकिगत नीट ऐकून घेतली.

"आणि उजवा मग कसा सुधारला?"

"ते न्हाई कळलं," मंजुळा म्हणाली.

दाराशी बसलेल्या अंबुबाईनं पदर सारखा केला. "साय काढली मी त्यातली."

मंजुळा वळून बघतच राहिली. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "का हो काढलीत?"

"बोटास्नी चिकटून ऱ्हायची. वाटलं, गालालाबी ऱ्हात आसंल."

"कातडीखाली तेलाच्या बारीक पिशव्या असतात," बाई म्हणाल्या. "वयात आलं की त्या जास्त तेल सोडतात. वरचं तोंड बुजलं की ते आत साचतं, सुजतं. वरून आणखी साय थापली तर बुजायला मदतच." मग त्यांनी मंजुळाच्या भांगाच्या कडेनं बोट फिरवलं आणि अंबुबाईसमोर धरलं. बोट चकाकत होतं. "कपाळावर अजून आहेत त्या यामुळं असतील."

"म्हंजी तेलबी?" अंबुबाईचा आवाज खाली आला. आणि लगेच वर चढला. "बरं, जायफळानं गुण येतो का न्हाई, ते सांगा."

"ठाऊक नाही. काहींची त्यानं आग होते. कदाचित नुसतं न फोडल्यानंच निम्मं काम झालं असेल. एका पोरीवरून मी कसं सांगू?"

डॉक्टरीण असून ठाऊक नाही म्हणाली, हे अंबुबाईला फार आवडलं.

कपाळावर बारीक पुरळ होतं, पण पू कुठंच नव्हता. बाईंनी कागदावर सही केली आणि रात्री लावायला गंधकाचं औषध दिलं. "सोमवारपासून ये. नवी पुळी आली तर लपवायची नाही, फोडायची नाही. मला दाखवायची. बरी होईस्तोवर बाहेर लेबलं लावायला बस."

रविवारी न्हाणं झाल्यावर अंबुबाईनं सवयीनं तेलाची वाटी घेतली, भांगाजवळ हात नेला, आणि खाली आणून फक्त वेणीच्या शेपट्याला तेल चोपडलं. तेवढ्यात सोजराबाई रिकामी वाटी घेऊन आली.

"भाचीच्या तोंडावर लई उठलंय बया. लेप दे जरा."

"देते. पर एकाच गालाला लावायचा."

"आन् दुसऱ्याला?"

"काय बी न्हाई," अंबुबाई सहाण पुढे ओढत म्हणाली. "आन् पंधरा दिवसांनी पोरीला हिकडं घिऊन ये. मला बघायचंय."