नोड एकेचाळीस

खराडीतल्या आमच्या काचेच्या कार्यालयात पाणी फक्त पडद्यावर वाहायचं. निळ्या रेषा, त्यांच्या टोकांना ठिपके, ठिपक्यांना क्रमांक. एकेचाळिसाव्या ठिपक्यात माझी मावशी विमलाबाई राहत होती: गावाच्या शेवटी, चढावर, बौद्धवाडीत. नकाशावर वाडीचं नाव नव्हतं. नोड ४१, एवढंच.

गावाच्या नळयोजनेचा आराखडा मीच केला होता. गर्दीच्या तासाला सरासरीच्या तिप्पट पाणी लागतं, हा पुस्तकातला नियम धरून. पाणी सात मीटर चढेल एवढा दाब पुरेसा होता. एकेचाळीसला दहा मिळत होता.

मग मावशी चार दिवस वारजेला माझ्याकडे आली. सकाळी नळ आला, तसा तिने भरलेला हंडा मोरीत उपडा केला.

"मावशी, भरलेला होता गं तो!"

"कालचं पानी हाय. शिळं कोन पितंय? गावात समद्या बाया नळ आला की आधी ओतत्यात, मग भरत्यात."

समद्या. एकाच वेळी. कार्यालयात येऊन मी तीनपटीच्या जागी सहापट टाकली. एकेचाळीस लाल झाला: दाब उणे अकरा. तिथे नळातून केवळ हवेचा उसासा येणार होता.

"सहा?" आमचे प्रमुख शुभंकर साहेब वाकून म्हणाले. "हे कुठल्या पुस्तकात सापडलं आपल्याला?"

"मोरीत, सर. खालच्या आळ्या एकदम भरायला लागल्या की वर थेंब चढणार नाही. मुख्य पाइप मोठा घालावा लागेल."

"आराखडा आज मंजुरीला जातोय. बायकांना सांगा, ओतू नका म्हणावं." मग पडद्याकडे पाहत, "एकेचाळीसला आपले नातेवाईक का? तरीच."

"हो. म्हणून मला कळलं. आपलं, सर, तिथे कुणी नाही."

"सही करा, अपेक्षाबाई."

"तीनवर नाही करणार."

त्यांनी छापील आराखड्यावरचं माझं नाव खोडलं, स्वतःची सही ठोकली. त्या सहीवर मी दुसरा कागद टाचला: सहा, उणे अकरा, कारण, माझी सही.

"हा मी काढून टाकणार."

"काढा. फक्त काढल्याचं आपल्या हस्ताक्षरात लिहा."

त्यांचं बोट पिनेवर बराच वेळ राहिलं. पेन त्यांनी उचललं नाही.

"उद्यापासून येऊ नका आपण."

"बरं. गावात जाईन म्हणते. वर पाणी का आलं नाही, हे विचारायला लोकांनी कुणाकडे यायचं, ते सांगून ठेवते."

आराखड्याचा गठ्ठा पिनेसकट मंजुरीला गेला.