सरांचा तांबडा ग्रह

मी दुर्बीण बोलतेय. या घरात मला डोळा लावणारे पुष्कळ, पण माझं ऐकून घेणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

कारखान्यात माझी भिंगं घासली गेली, शाळेच्या कपाटावर सहा वर्षं मी धूळ खाल्ली आणि मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा भेट म्हणून त्यांच्या गळ्यात पडले. सगळे त्यांना सर म्हणतात. माझं माहितीपत्रक सरांनी उघडलंच नाही. मुलांना 'सूचना नीट वाचा' हे सांगण्यात पस्तीस वर्षं गेलेली. स्वतः वाचायला सवड कुठली?

त्यात मोजकंच लिहिलं होतं. माझ्यातून सगळं उलटं दिसतं. आणि जवळचा उजेड पुसट, मोठा गोळा दिसला, तर बाजूचं चाक फिरवावं.

सरांनी मला परसात उभं केलं आणि आठवड्याच्या आत नवा ग्रह शोधला! समोरच्या गच्चीतल्या पाण्याच्या टाकीजवळ, रोज संध्याकाळी आठला. तांबडा, गोल. हळूच खाली उतरायचा, लखलखायचा, पुन्हा वर जायचा. सरांनी वहीत तक्ता आखला, वेधशाळेला पत्र धाडलं आणि ग्रहाला स्वतःचं आडनावही देऊन टाकलं.

समोरची गच्ची सरांच्या थोरल्या भावाची, दादांची. दोन महिन्यांपूर्वी दादांना हृदयविकाराचा झटका आला होता. "यापुढे एक जरी सिगारेट ओढलीत तर माझ्याकडे येऊ नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कशी? जीव नुसता तळमळायचा.

ग्रह बघायला सगळी गल्ली परसात जमली. दादा तेवढे "गच्चीवरचे कपडे काढून आलोच" म्हणून मागे राहिले. आठ वाजले, ग्रह उगवला, टाळ्या पडल्या. डॉक्टरांनीही डोळा लावला.

"वा सर! ग्रहच! वातावरणसुद्धा आहे की त्याला. धूर धूर दिसतोय!"

मग दादांच्या पत्नी, वहिनी, पुढे आल्या. "भाऊजी, हे असं पुसट काय?" म्हणत त्यांनी सहज माझं चाक फिरवलं. मी जिवाच्या आकांतानं स्वच्छ झाले. भिंगात दादा दिसले, खाली डोकं वर पाय, ओठांत सिगारेट.

वहिनींनी डोळा बाजूला केला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या ग्रहाला खोकला येतोय."

सरांनी पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, आता ग्रहासाठी रडतील. पण ते अनवाणीच समोरच्या जिन्याकडे धावले. "दादा, टाक ती! आधी टाक!"

आता रोज आठला दादा टाकीजवळ उभे राहून दोन्ही रिकामे तळहात दाखवतात. सर बघतात, वहिनींना दाखवतात आणि वहीत लिहितात, 'आकाश निरभ्र. ग्रह दिसला नाही.'

काल त्यातला एक हात सवयीनं खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

चंद्र, शनी थांबतील हो. त्यांना काय घाई? मला अजून थोडे दिवस समोरच्या गच्चीवरच रोखून ठेवा. दुर्बिणीच्या तोंडी शोभत नाही, तरी मागते: तो ग्रह मला पुन्हा कधी दिसू नये.