हवा उतरली!

फर्निचरच्या त्या कारखान्यात दिवसभर लाकडाचा भुसा उडायचा. केसांत, कानांत, पापण्यांवर, डब्यातल्या भाजीवरसुद्धा. सुट्टीच्या आधी पाच मिनिटं माणसं कॉम्प्रेसरच्या पाइपासमोर रांग लावायची आणि कपड्यांवर हवा मारून घ्यायची. पण त्याला एक नियम होता. स्प्रेच्या कामाला हवेचा जोर लागतो, काटा आठावर; तोच जोर माणसावर सोडला तर कातडी फाटेल. म्हणून पॉलिशवाल्यानं आपलं काम संपलं की चावी फिरवून काटा दोनवर आणायचा आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायची, "हवा उतरली!" मगच कुणी पाइपाला हात लावायचा.

पॉलिशवाल्यानं सात वर्षांत ही आरोळी एक दिवसही चुकवली नव्हती. त्या मंगळवारीही चुकवली नाही.

त्या दिवशी सकाळी मात्र त्यानं एक वेगळी गोष्ट केली होती. गादी विभागात त्याची धाकटी बहीण सोफ्याच्या गाद्या शिवायची. फोरमन तिच्या खुर्चीमागे खेटून उभा होता आणि ती शिलाई सोडून नुसती मशीनकडे बघत बसली होती. पॉलिशवाला तिथपर्यंत गेला आणि म्हणाला, "मामा, तिथे नका उभे राहू."

फोरमनला सगळे मामा म्हणायचे. तसा तो कुणाचाच मामा नव्हता. पाठीवर थाप मारून बोलायची त्याला सवय, आणि थाप मारलेला हात उगाच खाली सरकायचा. पुरुषाच्या पाठीवरून सरकला की शेड हसायची, बाईच्या पाठीवरून सरकला की ती बाई दुसऱ्या दिवशी जागा बदलून मागायची. मामा गमत्या माणूस आहे हो, एवढं म्हणून सगळे मोकळे. या एका शब्दावर त्या माणसानं वीस वर्षं काढली.

तर संध्याकाळी आरोळी झाली, रांग लागली, आणि पॉलिशवाल्याचा नंबर आला तेव्हा पाइप मामाच्या हातात होता.

"याच्या अंगावर धूळ फार बसलीय," मामा म्हणाला. "सकाळपासून फारच जड झालाय गडी." आणि सगळ्यांच्या देखत त्यानं चावी पुन्हा उलटी फिरवली. काटा वर चढला. रंधा मशीनवरच्या दोघांना त्यानं डोळा मारला. त्यांनी दात काढत पॉलिशवाल्याचे हात धरले आणि त्याला टेबलावर पालथा दाबला.

"मामा, सोडा. मामा!"

मामानं पाइपाचं तोंड त्याच्या पँटच्या मागच्या शिवणीवर दाबलं आणि खटका ओढला.

दोन सेकंद. तेवढ्यात पॉलिशवाल्याचं पोट तट्ट फुगलं, आत काहीतरी टरकन फाटलं आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याचा त्यालाही ओळखू आला नाही. तो लाथा झाडत होता. धरणाऱ्यांना वाटलं, रंगात आलाय, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. एकानं त्याच्या मानेवर गुडघा दिला. तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं, दात फुटला. मामानं खटका पुन्हा ओढला. मग पँटमधून रक्त खाली गळायला लागलं तेव्हा कुठे एकेकाचं हसू थांबलं. तेही लगेच नाही. मागच्या रांगेतल्यांना रक्त दिसत नव्हतं, ते आणखी थोडा वेळ हसत राहिले.

आतडं दोन ठिकाणी फाटलं होतं. डॉक्टरांनी पोट उघडलं, शिवलं, आणि बाहेर एक पिशवी लावून दिली. सहा महिने तरी आता त्याचा सगळा व्यवहार त्या पिशवीतून होणार होता. तो शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "हे नेमकं कसं झालं?" त्यानं सांगितलं. शेजारी उभा असलेला कंपाउंडर तोंडावर हात ठेवून बाहेर गेला आणि बाहेरून त्याचं खुदखुदणं ऐकू आलं.

पोलीस आला. वही उघडून बसला, ऐकलं, पेन खाली ठेवलं.

"हे बघ, बाई असतीस तर मला काय लिहायचं ते ठाऊक होतं. तुझं काय लिहू? तू चांगला हट्टाकट्टा गडी. हात नव्हते तुला?"

"दोघांनी धरले होते."

"म्हणजे मस्करीच ती." त्यानं 'कामावरील अपघात' असं लिहिलं आणि सही घेतली.

मग मित्र आले. केळी घेऊन आले, पलंगाच्या कडेला बसले आणि पाच मिनिटंही दम धरवला नाही. "काय रे, हवा बरोबर भरली ना? पंक्चर तर नाही?" शिवलेलं पोट ओढलं जाऊ नये म्हणून पॉलिशवाल्यानं श्वास धरून ठेवला. त्यांना वाटलं, तोही हसतोय. गल्लीत पोरासोरांपर्यंत त्याला नाव पडलं होतं, 'फुगा'.

आई म्हणाली, "पोटाचं ऑपरेशन झालं एवढंच सांगायचं लोकांना. बाकी मूग गिळून बस."

हे वाक्य त्यानं आधीही ऐकलं होतं. वर्षापूर्वी, याच आईच्या तोंडून, याच आवाजात. फक्त तेव्हा ते धाकटीला म्हटलेलं होतं.

धाकटी त्या दिवशी फाटक्या बाहीनं घरी आली होती. खालचा ओठ सुजलेला. स्टोअरमध्ये रेक्झिनचा गठ्ठा आणायला गेली होती आणि मामानं दार लावून घेतलं. काय झालं ते तिनं उंबऱ्यातच सांगितलं. आणि तिचा दादा, हाच पॉलिशवाला, यानं कमरेचा पट्टा काढला. "एकटी गेलीसच कशाला? ओरडली का नाहीस?" पट्टा खांद्यावर, पाठीवर, तोंड झाकलेल्या हातांवर. "ओरडले रे," ती म्हणत होती, आणि ती जसजशी तसं म्हणत होती तसतसा तो आणखी जोरात मारत होता. बकलानं तिच्या मनगटाचं हाड मोडलं. आईनं दार लावून घेतलं, मारू नको म्हणून नाही, शेजारी ऐकतील म्हणून.

तिच्या वेळी कुणी हसलं नाही, हे मात्र खरं. उलट कुणी मेल्यासारखे चेहरे करून लोक बोलायचे. ठरलेलं लग्न मोडलं. समोरच्या काकूंनी आपल्या मुलीला तिच्याबरोबर बसनं जायला बंदी केली. आणि काम? काम सोडू दिलं नाही. सोडलंस तर लोक विचारतील का सोडलंस, असं घरातच ठरलं. म्हणून वर्षभर ती त्याच मामाच्या हाताखाली गाद्या शिवत राहिली. तिला गप्प करायला लाज पुरली आणि याला गप्प करायला हसू; मामाचं काम मात्र दोन्हींनी सारखंच झालं.

दवाखान्यात पिशवी बदलायला धाकटीच यायची. नर्सनं दाखवलेलं तिनं एकदाच बघून शिकून घेतलं. मोडून बसलेलं तिचं मनगट अजून पूर्ण वळत नसे, त्यामुळे ती झाकण डाव्या हातानं लावायची. एकदाही तिनं विचारलं नाही की तू काय केलंस, तुला हात नव्हते का.

तिसऱ्या आठवड्यात ती बातमी घेऊन आली. "कामगार कार्यालयातून बाई येणार आहेत चौकशीला. मॅनेजर सगळ्यांना पढवतोय. म्हणे, पॉलिशवाल्यानं हवा उतरवलीच नाही. आरोळी दिलीच नाही. मामाला वाटलं, काटा दोनवर आहे."

"सगळ्यांनी ऐकलीय आरोळी. चावी फिरवताना बघितलंय."

"बघितलंय. पण बोलायला कुणी तयार नाही. चूक तुझी निघाली की प्रकरण बंद, आणि चौकशीपुरता घरी बसवलेला मामा सोमवारपासून परत माझ्या डोक्यावर." तिनं झाकण लावलं. "मी सांगेन. मी भिंतीपलीकडे होते, मी ऐकली तुझी आरोळी."

पॉलिशवाल्यानं मान दुसरीकडे वळवली.

कारण ती भिंत त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. स्प्रेच्या खोलीची ती मागची भिंत, साध्या पत्र्याची. पलीकडे गादी विभाग, त्याला लागून स्टोअर. वर्षापूर्वी त्या दिवशी तो एका कपाटाच्या दारावर पॉलिशचा शेवटचा हात मारत होता. ओला हात मध्येच सोडला तर सांधा दिसतो, सगळं दार घासून पुन्हा करावं लागतं. पत्र्यापलीकडून किंकाळी आली. त्याला आवाज ओळखू आला. आणि त्याचं बोट खटक्यावरून उठलं नाही. एवढं दार होऊ दे, त्यानं स्वतःला सांगितलं. आणि दार झाल्यावर सांगितलं की करवतीचा आवाज असेल.

धाकटी घरी येण्याआधी मॅनेजरकडे तक्रार करून आली होती. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला होता आणि एक कागद पुढे सरकवला होता. पॉलिशवाल्यानं सही केली होती. तो कागद धाकटीला माहीत नव्हता.

चौकशी जेवणाच्या खोलीत झाली. बाकं भिंतीला लावलेली, मधल्या टेबलावर कार्यालयातल्या बाई, शेजारी मॅनेजर फाइल घेऊन. पॉलिशवाला वाकून चालत आला तेव्हा कुणीतरी तोंडानं हवा सोडल्याचा आवाज काढला आणि दोन-तीन बाकं हलली. बाईंनी वर बघितलं, तेव्हा शांत झालं.

मामानं सांगितलं, "घरच्या पोरासारखा आहे हो तो मला. मस्करी केली. हवाच तर होती. यानं काटा उतरवला नाही, त्याला मी काय करू?"

रंधा मशीनवरच्या दोघांनी खाली बघत सांगितलं की आरोळी ऐकली नाही. मग सुतारानं ऐकली नाही, फेविकॉलवाल्यानं ऐकली नाही. वीस माणसांनी कानांवर हात ठेवले.

धाकटी उठली. "मी ऐकली. 'हवा उतरली' असं दादा रोजच्यासारखा ओरडला. मी पत्र्याच्या पलीकडे होते."

बाई लिहायला लागल्या. मॅनेजरनं गोड हसून फाइल उघडली.

"बाई, भावासाठी बहीण बोलणारच. पण त्या भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नाही. हे मी नाही म्हणत. गेल्या वर्षी या मुलीनं अशीच एक तक्रार केली होती, तेव्हा तिच्या सख्ख्या भावानं लिहून दिलंय." त्यानं कागद वाचला. "'कॉम्प्रेसर चालू असताना पत्र्यापलीकडचा कोणताही आवाज ऐकू येत नाही. मी कोणतीही किंकाळी ऐकली नाही.' ही खाली सही."

धाकटीनं भावाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अजून तरी नव्हता. यानं ऐकलंच नसेल, या एका समजुतीवर तिनं त्या घरात वर्ष काढलं होतं, त्याच्या ताटात वाढलं होतं, त्याची पिशवी धुतली होती. ती नुसती वाट बघत होती की तो म्हणेल, खरंच गं, मशीन चालू होतं.

बाईंनी कागद त्याच्यापुढे धरला. "सही तुमचीच? आणि मजकूर खरा आहे?"

खरा म्हटला तर तिची साक्ष गेली, आणि मामा सोमवारी हजर. खोटा म्हटला तर धाकटी गेली. पॉलिशवाल्यानं टेबलाची कड धरली. पँटच्या आत पिशवी गरम झाली होती आणि तिचा वास बाकांपर्यंत जात होता. कुणीतरी नाकाला रुमाल लावला.

"सही माझी," तो म्हणाला. "मजकूर खोटा. ऐकू येतं सगळं. त्या दिवशी मी ऐकलं होतं."

"काय ऐकलंत?"

"हिची किंकाळी."

मामा उठायला गेला. बाई "बसा" म्हणाल्या आणि तो बसला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी बसा म्हटलेलं त्या शेडनं पाहिलं नव्हतं.

"तुम्ही गेलात तिथे?"

"नाही. दाराला शेवटचा हात चालू होता." तो रडायला लागला, आणि या वेळी त्या वीस जणांतलं कुणीही हसलं नाही. "मी गेलो नाही, बाई. आणि घरी जाऊन हिलाच मारलं. ऐकलं होतं म्हणून मारलं."

बाईंचं पेन थांबलं नाही. "किती वेळा ओरडल्या त्या?"

"तीन वेळा. तिसऱ्यांदा 'दादा' म्हणाली."

धाकटी जागची हलली नव्हती. न वळणारं मनगट तिनं दुसऱ्या हातात घट्ट धरलं होतं. ती भावाकडे न बघता टेबलापाशी गेली आणि कागदावर बोट ठेवलं.

"चार वेळा," ती म्हणाली. "चौथ्यांदाही दादाच म्हटलं होतं. तसं लिहा."