मुक्ताबाईंच्या गोळ्या

“काका, मुक्ताबाईंच्या शुगरच्या गोळ्या संपत आल्या असतील ना? पाठवू?”

फोनवर मोनिका होती. ऑनलाइन औषधं पाठवणाऱ्या कंपनीतली ही मुलगी दर महिन्याला फोन करी. “पाठव की!” सहादेव ओरडला. खर्डा गावात त्याने उभा जन्म पिठाची गिरणी चालवली होती. हळू बोलणं त्याला जमतच नसे.

“आणि पाय कसे आहेत त्यांचे? मुंग्या येतात अजून?”

“कमी हायेत. सकाळच्याला जरा येत्यात.”

खोटं बोलावं पण रेटून बोलावं, म्हणतात. त्याची बायको मुक्ताबाई मार्गशीर्षातच गेली होती आणि आता उन्हाळा सरत आला होता.

ती गेल्यावर आलेल्या पहिल्या फोनला त्याला खरं सांगायचंच होतं. पण तेरावा उरकल्यावर गावात कोणी तिचा विषय काढेना. पुण्याहून मुलगा रविराज फोन करी तो “जेवलात का?” एवढं विचारण्यापुरता. आणि ही परकी पोरगी म्हणाली, “मुक्ताबाई कशा आहेत?” सहादेवच्या तोंडून निघून गेलं, “बरी हाय.” म्हणून गोळ्या येतच राहिल्या. पाकिटं न फोडता तो कपाटात ठेवी आणि पुढच्या फोनची वाट बघे. हा वेडेपणा आहे हे त्याला कळत होतं. पण मोनिका बोलत असे तेवढा वेळ बायको घरात असल्यासारखी वाटे, आणि त्याला ते हवं होतं.

आज मात्र मोनिका म्हणाली, “काका, डॉक्टरांची चिठ्ठी जुनी झालीये. संध्याकाळी आमचे डॉक्टर फोन करतील. ते पेशंटशी बोलूनच नवीन चिठ्ठी देतात. मुक्ताबाईंना फोनजवळ थांबायला सांगा हं.”

चपला अडकवून सहादेव शेजारी छबूबाईकडे गेला. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

“छबूबाई, फोनवर दोन शबूद बोलायचं हुतं. डाक्टर इचारंल, बरी हाय म्हनायचं. आमच्या घरच्यांच्या नावानं.”

“कुनाच्या नावानं?”

“आमच्या… घरच्यांच्या.”

छबूबाईचा हात थांबला. “दाजी, माज्या मांडीवर जीव सोडला तिनं. तिच्या नावानं मी बरी हाय म्हनू? जीभ झडंल माजी.” मग तीच नरमली. “सांगून टाका आता. किती दिस वढनार?”

तो परत आला. घरचे, अगं, रव्याची आई. बायकोचं नाव म्हणून त्याने कधी घेतलंच नव्हतं. गरजही पडली नाही. चहा हवा असला की तो घराला लागूनच्या गिरणीच्या पत्र्यावर मापटं दोनदा वाजवी आणि मुक्ताबाई कप घेऊन येई. शेवटी शेवटी पायांमुळे तिला उशीर होई, तेव्हा तो चिडे.

ऊन उतरल्यावर फोन वाजला.

“नमस्कार. पेशंटचं पूर्ण नाव सांगता?”

मोनिका नेहमी स्वतःच नाव घेई.

“हॅलो? पेशंटचं नाव?”

“मुक्ता,” तो म्हणाला, इतकं हळू की त्याचं त्यालाच नवल वाटलं. “मुक्ताबाई सहादेव गोलेकर.”

“त्यांना फोन द्या जरा.”

“ती न्हाई. मार्गशीर्षात गेली.”

“सॉरी काका. ऑर्डर बंद करायला सांगतो. तुम्हाला आता परत फोन येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. बिचाऱ्याने धीर म्हणूनच सांगितलं असणार.

फोन खिशात टाकून सहादेव अंगणात बाजेवर बसला. बराच वेळ बसला. मग दाराकडे तोंड करून त्याने हाक मारली, गिरणी चालू असताना मारावी तशी मोठ्यांदा.

“मुक्ता!”

शेजारचा शेंगा फोडायचा आवाज थांबला. घरातून कोणी ओ दिली नाही. तरी सहादेव दाराकडे बघत राहिला. तिला उठून यायला वेळच लागे.