समोरचं ताट

पारोळ्याच्या केसरबाईच्या काळ्या रश्शाला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की वाटी घेऊन कुणी ना कुणी तिच्या दारात हजर. मसाला ती स्वतः भाजायची, स्वतः कुटायची, आणि त्या दिवशी अर्धी गल्ली खोकत असायची. जेवणारा घामाघूम झाला, नाक पुसायला लागला, म्हणजे केसरबाईच्या जिवाला थंडावा. आता या हट्टाला कोण काय म्हणणार? खान्देशात तिखट न खाणारा माणूस म्हणजे आजारी तरी, नाहीतर परगावचा.

तिचा नवरा अभिमन ट्रक चालवायचा. संसार त्याचा मुंबई-आग्रा रोडवर, घरी तो पाहुणाच. महिन्यातून दोन-चार दिवस यायचा, वाढलं ते खायचा, डोळे पुसत ‘झकास’ म्हणायचा आणि पुन्हा स्टेअरिंगवर. बाकीचे दिवस केसरबाई एकटीच ताटावर बसायची. मूलबाळ झालं नाही. भिंतींशी बोलून बोलून माणूस किती बोलणार!

तो मेलाही रोडवरच. सोनगीरजवळ जीवरामच्या हॉटेलात जेवण सांगून बाकड्यावर बसला, आणि ताट यायच्या आत त्यानं मान टाकली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. दहाव्याला नदीवर कावळा शिवला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिनं पुरणपोळी केली, आमरस केला, आणि मुद्दाम जाळ तिखट रस्सा करून चुलीतल्या निखाऱ्यांवर आगारी टाकली. आगारीचा घास भडकन पेटला तर पितर जेवला असं धरतात. तिची आगारी पेटलीच नाही. नुसती धुमसत राहिली आणि घरभर मिरचीचा ठसका भरला.

दुसऱ्या दिवसापासून तो येऊ लागला.

भर दुपारी, ती ताट घेऊन बसली की समोर. मांडी घातलेली, उजवा हात मांडीवर पडलेला, नजर ताटात. पहिल्या दिवशी केसरबाईच्या हातातला घास खाली पडला आणि ती उघड्या पायांनी तापलेल्या अंगणात पळाली. ऊन उतरेपर्यंत घरात शिरली नाही. पण माणूस कशालाही सरावतो. पुढे पुढे ती त्याच्यासमोरही ताट वाढायला लागली. तो हात लावत नसे, मान वर करत नसे. दिवसेंदिवस त्याची गालफडं आत चालली होती. मेलेला माणूसही वाळतो हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, ती दुपारची वाट बघू लागली होती. नवरा रोज घरी जेवायला आहे, हे सुख तिला लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर आत्ता मिळत होतं. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं ती त्याला सांगायची. तो ऐकतोय असं तिला वाटायचं.

थोरल्या नणंदेला, रुक्माबाईला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

“मन्हा भाऊ भुक्या शे, केसर,” ती म्हणाली. “हॉटेलमा जे मांगेल व्हतं ते त्याना पोटमा गयं नही. तेच त्याले खावाड. पोट भरनं का तो जाई, मंग परत दिसाव नही.”

“परत नही?”

“पितर शे तो. पितरले कोनी घरमा ठेवतस का?”

बोलणं खोटं नव्हतं. भुकेल्या माणसासमोर बसून आपण जेवायचं, हे केसरबाईच्याही घशाखाली उतरत नव्हतं. जीव एकाच गोष्टीत अडकला होता. जेवू घालावं तर तो जाणार, आणि ठेवून घ्यावं तर उपाशी. शेवटी एका सकाळी तिनं मन घट्ट केलं, कामं उरकली आणि धुळ्याची एस.टी. धरली. तिथून सोनगीर.

ती हॉटेलात पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. मागे किल्ला तापत पडला होता, रोडवर एक गाडी नव्हती. आत गिऱ्हाईक कुणीच नाही. ती एका बाकड्यावर टेकली आणि समोर बघितलं. टेबलापलीकडे तो बसलेला होताच. हात मांडीवर, नजर रिकाम्या टेबलावर.

जीवराम खांद्यावर फडकं टाकून आला. त्याला अर्थातच ती एकटी दिसत होती.

“काय देऊ अक्का? शेवभाजी शे, पाटवडी शे, भरीत शे. भाकर कळणानी का ज्वारीनी? रस्सा जाळ का मध्यम? शेव मझार टाकू का वरथीन देऊ?”

एवढी विचारपूस केसरबाईनं जन्मात कधी कुणाची केली नव्हती. तिच्या घरी एकच रस्सा, आणि तो एकाच तऱ्हेचा.

“भाऊ, मी अभिमन ड्रायव्हरनी घरवाली,” ती म्हणाली. “त्या दिन त्यासनी काय मांगेल व्हतं?”

तिच्या मनात उत्तर तयारच होतं. शेवभाजी, जाळ, वर तर्रीची वाटी. जीवराम मात्र टेबल पुसत राहिला. स्वच्छ टेबल त्यानं दोनदा पुसलं.

“अक्का, माले शपत घालेल व्हती त्यासनी. पन आते मानूसच नही, तर शपत कसानी?” तो हळू म्हणाला. “साधं वरन. त्यामा भाकर कुस्करेल, वरथीन मूठभर शेव. मिरचीनं बोटबी नही. कायम तेच. तिखट खाधं का रातभर पोट धरीसन बसेत. म्हणेत, घर बायको जीव लायीसन रांधस, तिनं मन काब्र मोडू?”

केसरबाईला आधी राग आला. मेल्या, एकदा तोंड उघडलं असतंस तर! वरण काय मला येत नव्हतं? मग ते डोळे पुसणं आठवलं, ते ‘झकास’ आठवलं, आणि आगारीचा तो ठसका. जिवंतपणी छळलं ते छळलं, मेल्यावरही त्याच्यापुढे तेच वाढत राहिले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मंग काय देऊ अक्का?”

तिनं समोर बघितलं. हाडांवर नुसती कातडी उरली होती.

“तेच दे,” ती म्हणाली.

ताट आलं. पिवळं वरण, त्यात भिजलेली भाकरी, वर शेव अजून कुरकुरीत. तिनं ते दोन्ही हातांनी टेबलावरून पलीकडे सरकवलं. वाफ त्याच्या तोंडावर गेली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा अभिमननं मान वर केली. तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तक्रार नव्हती, नुसती भूक होती. त्याचा उजवा हात मांडीवरून उठला, टेबलावर आला, ताटाच्या कडेला टेकला.

एक घास. तो गेला की हा गेला. उद्या दुपारी ताट एकच, आणि समोर भिंत.

केसरबाईनं ताट ओढलं. आपल्याकडे घेतलं आणि खायला लागली. मोठमोठे घास घेत, न थांबता, वर न बघता. मिरचीचा कण नव्हता, तरी तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. शेवटी बोटानं पुसून तिनं ताट स्वच्छ केलं. वर बघितलं तेव्हा त्याचा हात पुन्हा मांडीवर गेला होता.

मोकळं ताट बघून जीवरामनं हात जोडले. “सुटनात अक्का अभिमनभाऊ,” तो म्हणाला. केसरबाईनं नुसती मान हलवली.

धुळ्याची गाडी रिकामीच होती. ती बसली आणि शेजारी एका माणसापुरती जागा होईल इतकी खिडकीकडे सरकली. घरी जाऊन मसाला भाजायचा होता. मिरच्या तिनं सकाळी निघतानाच उन्हात घातल्या होत्या.